पत्र्यावरचा दगड

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हलली. धक्का ४.५ तीव्रतेचा होता. दहा-अकरा मिनिटांत त्याच्या मागोमाग ३.६चा दुसरा धक्का आला. केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या परिसरात होता. मोठी हानी झाली नाही, पण त्या दिवशी प्रशासनाने केलेले एक आवाहन लक्षात ठेवण्यासारखे होते. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर आधाराला दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत, असे लोकांना सांगण्यात आले.

सल्ला चुकीचा नव्हता. भूकंपात तो दगड खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यातच येतो. पण पत्र्यावर दगड कोणी हौसेने चढवत नाही. कधीतरी वाऱ्यावावधानात पत्रा उडून शेजारच्या वावरात पडलेला असतो, तो शोधून आणून पुन्हा बसवताना दगड वर जातो. म्हणजे दगड ठेवला तर भूकंपाची भीती आणि काढला तर वाऱ्याची. हिंगोली जिल्ह्यातल्या घराचा प्रश्न या एका दगडात सापडतो. भिंत, छप्पर, पाणी, वीज यांपैकी एकाचा बंदोबस्त करताना दुसऱ्याकडे पाठ फिरते. त्यातून सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस येतो तो घर सर्वात थकलेले असताना.

आलेला पाऊस आणि जाणारा पाऊस

जूनचा पाऊस येतो तेव्हा त्याची वाट पाहिलेली असते. उन्हाळ्यातच माळवदावर, म्हणजे मातीच्या छतावर, माती पडते, पत्र्यांची डागडुजी होते, सरपण आत जाते. सरकारी कचेऱ्यांतही मे महिन्यात मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका होतात. जाणाऱ्या पावसाचे तसे नाही. त्याच्या वेळेला सोयाबीन काढणीला आलेले असते, मजूर मिळत नाहीत, हळदीच्या रानात कामे असतात. घराकडे मान वर करून बघायला उसंत कोणाला?

भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. पश्चिम राजस्थानातून माघार सुरू होण्याची जुनी तारीख १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर झाली. सगळ्या देशातून पाऊस निघून जाण्याची तारीख १५ ऑक्टोबर धरली जाते. मराठवाड्यात म्हणजे अख्खा सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पावसाचाच धरून चालायला हवे. शेतकऱ्याच्या हिशेबात हे नवे नाही. सूर्य साधारण २७ सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो. त्या पावसाला आपल्याकडे हत्तीचा पाऊस म्हणतात आणि हत्ती बरसला की भिंती पडतात, असे जुने लोक सांगत आले. यात नक्षत्राचा प्रभाव शोधण्याची गरज नाही. चार महिने पाणी प्यालेल्या मातीच्या भिंतीवर शेवटचा जोराचा पाऊस पडला की काय होते, याची ती पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद आहे.

हा पाऊस दोन वाटांनी येतो. पहिली वाट बंगालच्या उपसागराची. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ हे चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या मराठवाड्याला त्याचे काय, असे कोणालाही वाटले असते. पण त्याचा उरलेला पट्टा तेलंगणा ओलांडून इकडे आला, २७ आणि २८ तारखेला मराठवाडा धुऊन काढला, पुढे अरबी समुद्रात जाऊन पुन्हा जोर धरला आणि ‘शाहीन’ नावाने ओमानवर जाऊन आदळला. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस ‘मोंथा’ही आंध्रच्याच किनाऱ्यावर उतरले. काकीनाडा किंवा विशाखापट्टणमच्या बातम्यांत वादळाचे नाव आले की हिंगोलीकराने दोन दिवस पुढचे बघावे, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

दुसरी वाट स्थानिक. सकाळभर ऊन तापते, जमिनीत ओल असतेच, दुपारनंतर ढग उभे वाढत जातात आणि संध्याकाळच्या सुमारास फुटतात. अशा ढगातून पावसाच्या आधी थंड हवेचा लोट खाली येतो आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरतो. धूळ उडवत येणारे ते वारे पाच-दहा मिनिटांचेच असते, पण पत्रे त्याच पाच-दहा मिनिटांत उडतात. आणि हे सगळे एका शिवारात घडते तेव्हा शेजारच्या शिवारात ऊन पडलेले असू शकते.

माळवद: मातीचे ओझे

मराठवाड्याचे जुने घर म्हणजे माळवदाचे. मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा चिपाट्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाण्याने फुगून घट्ट बसते आणि पाणी आत येऊ देत नाही. उन्हाळ्यात असे घर पत्र्याच्या घरापेक्षा कितीतरी थंड राहते. दरवर्षी पावसाळ्याआधी थोडी माती टाकायची, उतार नीट करायचा, पन्हाळ मोकळे करायचे, ही त्याची निगा.

खोट या निगेतच आहे. नवी माती पडते, जुनी कोणी काढत नाही. वीस फूट बाय तीस फुटांचे माळवद धरले तर एक फूट जाडीच्या मातीचे वजन पंचवीस टनांच्या वर जाते, आणि ती भिजली की आणखी वाढते. महसूल खाते २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला की अतिवृष्टी म्हणते. तेवढ्या पावसात याच माळवदावर एका दिवसात साडेतीन हजार लिटरांहून जास्त पाणी पडते. पन्हाळ तुंबला असेल तर साडेतीन टन पाणी वर उभे राहायला बघते आणि तुळई-भिंतीची जोडणी हा त्याचा पहिला बळी ठरतो.

या वजनाने काय होऊ शकते ते ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखवले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, लोक थकून झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे गेली. बहुतेकांना मारले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या मातीच्या छतांनी. तारीख बघा: तोही हत्तीच्या पावसाचाच काळ. हिंगोलीचे धक्के किल्लारीच्या मानाने फार लहान, पण ते येत राहतात. २०२४च्याच १० जुलैला पुन्हा ४.५चा धक्का बसला, तोही भर पावसाळ्यात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना जमिनीतून येणारे गूढ आवाज आता नवीन राहिलेले नाहीत.

म्हणून माळवदाच्या घरात पावसाळ्याच्या मध्यावर एकदा तरी वर चढून बघावे. चढताना तुळईच्या रेषेवरून चालावे. वर गवत उगवलेले असते. त्याच्या मुळांच्या वाटेने पाणी आत उतरते, म्हणून गवत काढून राहिलेली भोके माती चोपून बुजवावीत. पन्हाळ हात घालून साफ करावेत. पुढच्या उन्हाळ्यात नवी माती टाकण्याआधी जुनी खरवडून काढावी. वरून ताडपत्री टाकायची तर ती भिंतीच्या बाहेर हातभर लोंबली पाहिजे. ती भिंतीच्या माथ्यावरच संपली तर सगळे पाणी गोळा होऊन भिंतीत शिरते आणि ताडपत्री नसती तर बरे झाले असते असे म्हणायची पाळी येते.

भिंत पडण्याआधी सांगते. मधोमध पोट काढते, कोपऱ्यात रुंद होत जाणारी फट पडते, काल लागणारे दार आज चौकटीत अडकते, पायथ्याची माती सुटून ढलप्या पडतात, रात्री छतातून माती झरते. घुशीने पोखरलेला पाया तर ठोकल्यावर पोकळ वाजतो. आणखी एक गोष्ट: पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असे नाही. ओली भिंत आतून मऊच असते आणि वरून ऊन लागून वाळायला लागली की तडकते. झडीनंतर ऊन पडल्यावर दोन-तीन दिवस त्या भिंतीला लागून अंथरूण घालू नये, जनावर बांधू नये.

मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ती पक्की झाली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सिमेंट आणि माती एकमेकांना धरत नाहीत. गिलाव्याच्या बारीक फटीतून पाणी आत जाते, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. वरून भिंत कोरडी दिसते आणि आत चिखल होतो. मातीला मातीचा किंवा चुन्याचाच लेप सोसतो.

पत्रा: वारा वरून दाबत नाही, उचलतो

किल्लारीनंतर मातीच्या छताची धास्ती बसली, तुळयांचे लाकूड महागले, दरवर्षी माती वाहणारे हात कमी झाले. माळवद उतरले आणि पत्रा चढला. तांड्यांवर आणि वस्त्यांवर तर तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या कुडावर थेट पत्राच आहे. भूकंपाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. हलके छप्पर पडले तरी माणूस वाचण्याची शक्यता मोठी. पण जे छत आपल्या वजनानेच जागेवर बसायचे त्याच्या जागी आता वाऱ्याला उचलता येईल असे छप्पर आले.

वारा छपरावरून वाहतो तेव्हा छपराच्या वरच्या बाजूला ओढ तयार होते. ही ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सर्वात जास्त असते. दारापुढे काढलेल्या पडवीच्या पत्र्याला तर खालूनही वारा लागतो, म्हणून उडणारा पहिला पत्रा बहुतेक वेळा पडवीचाच. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले तर आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मग चार-दोन दगडांचे वजन काही कामाचे राहत नाही. उलट वाऱ्याने निसटलेला दगड किंवा उडालेला पत्रा हाच दुसऱ्याच्या जिवावर उठतो.

याला उत्तर बोल्टाचे आहे. पत्रा हुकाच्या बोल्टने खालच्या पाइपाला किंवा वाशाला आवळलेला हवा. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा, खोलगट नाळीत मारला तर तिथूनच गळते. कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत बोल्ट जास्त जवळ हवेत. उन्हाने वायसर कडक होऊन तडकतात, ते बदलावेत. दोन पत्र्यांचा जोड नेहमीच्या वाऱ्याच्या उलट्या दिशेला तोंड करून असावा. आणि सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पत्रा पाइपाला धरलेला असतो, पण पाइप कशाला धरलेला असतो? नुसता भिंतीवर ठेवलेला असेल तर मोठ्या वाऱ्यात पाइपासकट अख्खे छप्पर उचलते. पाइप भिंतीत किंवा खांबात गाडलेल्या सळईला बांधलेला असला पाहिजे. मातीच्या भिंतीत सळई धरत नाही, तिथे चार कोपऱ्यांना जमिनीत गाडलेले लाकडी वा लोखंडी खांब देऊन छप्पर त्यांना बांधावे.

असे बांधलेल्या पत्र्याला दगड लागत नाही. म्हणजे भूकंपाचे आणि वाऱ्याचे भांडण मुळात खरे नव्हतेच. तो बोल्टाच्या जागी दगडावर भागवण्याचा परिणाम होता. मात्र ज्यांना यंदा बोल्टाचा खर्च झेपणार नाही त्यांनी निदान दगडाच्या जागी अर्धवट भरलेली वाळूची पोती दोरीने जोडून छपराच्या दोन्ही बाजूंना लोंबती टाकावीत. ती घरंगळत नाहीत. हा एका मोसमाचा उपाय आहे, कायमचा नाही. सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांच्यावर कधीही थेट पाय देऊ नये, आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालावे.

स्लॅबच्या घराचा धोका वेगळा आणि हळू चालणारा आहे. गच्चीवरचा पाइप पानांनी तुंबतो, तळे साचते, पाणी सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि दोन-चार वर्षांनी छताच्या खपल्या पडू लागतात. वाऱ्याच्या दिवसांत गच्चीवरची रिकामी प्लास्टिकची टाकी, सैल डिश अँटेना आणि सौर पॅनेलची ढिली चौकट यांच्याकडे बघावे. टाकी भरून ठेवली तर उडत नाही.

पाणी: रस्ता वर, घर खाली

हिंगोलीच्या उत्तरेकडे पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा आणि मधून वाशीमकडून येणारी कयाधू. पूर्णेवर येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर अशी मोठी धरणे आहेत. जूनमध्ये पडलेला पाऊस ही धरणे पोटात घेतात. सप्टेंबरात ती भरत आलेली असतात, जमीनही तुडुंब असते. म्हणून तेवढाच पाऊस जूनमध्ये पडला तर विहिरींना पाणी येते आणि सप्टेंबरात पडला तर घरात. कयाधूवर तसे मोठे धरण नाही, त्यामुळे तिचा पूर लवकर चढतो आणि लवकर उतरतो. १ आणि २ सप्टेंबर २०२४च्या पावसात हिंगोली, परभणी, नांदेडने हे अनुभवले. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात जुलै २०२२मध्ये गावात शिरलेल्या पुराने घरेच्या घरे भरली होती. पुढे सप्टेंबर २०२५मध्ये तर सगळ्या मराठवाड्यावर पाणी फिरले आणि राज्य सरकारला ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले.

नदीकाठच्या घराने धरणातून किती क्युसेक पाणी सुटले हे ऐकताना एक हिशेब ठेवावा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. पण आकड्यापेक्षा उपयोगाची असते ती आपल्या गावची खूण: पाणी कोणत्या पाराला, कोणत्या पुलाच्या कठड्याला लागले की आपल्या ओट्यापर्यंत किती वेळात येते, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. ती खूण रंगाने भिंतीवर लिहून ठेवली तर पुढच्या पिढीला विचारत बसावे लागणार नाही.

नदीपासून दूर असलेल्या घरातही आता पाणी शिरते आणि त्याला नदीचा दोष नाही. गावात सिमेंटचा रस्ता होतो. काही वर्षांनी जुना न उखडता त्याच्यावरच नवा थर पडतो. दर थराला रस्ता वर जातो आणि जुन्या घराचे जोते खाली राहते. पूर्वी पायरी चढून आत जायचे, आता पायरी उतरून. गल्लीतले सगळे पाणी मग उंबऱ्यावरून आत येते. हे एकट्या घराने सुटणारे नाही. ग्रामसभेत रस्त्याचे काम मंजूर होतानाच ‘आधी जुना थर काढा, गटार रस्त्याच्या खाली घ्या’ एवढे मांडले पाहिजे. घराने आपल्यापुरते दोन गोष्टी कराव्यात. भिंतीच्या पायथ्याशी बाहेरून उतरता ओटा करावा आणि शेजारच्या पन्हाळाचे पाणी आपल्या भिंतीवर पडत असेल तर भांडण न करता त्याला पाइप जोडून द्यावा. पाइप भिंतीपेक्षा स्वस्त पडतो.

काळ्या मातीवर बांधलेल्या घराला आणखी एक त्रास आहे. ही माती पाण्याने फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसते. पाया खाली मुरमापर्यंत गेलेला नसेल तर मातीसोबत घरही दरवर्षी थोडे वर-खाली होते आणि भिंतीला तिरप्या भेगा पडतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने तारीख टाकून ठेवावी. भेग जागच्या जागी राहिली तर ती जुनी, टोक पुढे सरकले तर घर अजून हलते आहे.

पाण्यासोबत पाहुणेही येतात. बिळांत पाणी शिरले की नाग, घोणस, मण्यार कोरडी जागा शोधतात आणि ती बहुधा आपल्या घरात असते. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा झोपेत कळतही नाही. या दिवसांत खाली अंथरूण घालू नये, खाट असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचावी, सरपण घराला लागून रचू नये. चावलेच तर जखम कापणे, आवळून बांधणे, देवळात नेणे यात वेळ न घालवता १०८ला फोन करून दवाखाना गाठावा.

वीज: आकाशातली आणि तारेतली

परतीच्या पावसात माणसे जातात ती पुरापेक्षाही अनेकदा विजेने, आणि बहुतेक घरात नव्हे, शेतात. सोयाबीनची कापणी चालू असते, दुपारचे ढग दाटतात आणि मजूर बाया झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये आसरा घेतात. दोन्ही जागा वाईट. चारी बाजूंनी भिंती असलेले घर किंवा काचा बंद केलेली जीप, टेम्पो हा खरा आसरा. काहीच जवळ नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, विजेच्या खांबापासून लांब जाऊन पाय जुळवून उकिडवे बसावे, सगळ्यांनी एकमेकांपासून अंतर ठेवावे, जमिनीवर आडवे पडू नये. वीज चमकल्यावर तीस आकडे मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम थांबवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास रानात जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. मुकादमाच्या किंवा शेतमालकाच्या फोनवर ते असणे ही आता मजुरांच्या सुरक्षेची साधी अट मानायला हवी.

घरात असताना ढगांच्या वेळी नळ, मोरी, टीव्हीची वायर, चार्जिंगला लावलेला फोन यांच्यापासून दूर राहावे. पण पत्र्याच्या घरातली जास्त रोजची भीती तारेतल्या विजेची आहे. खांबावरून आलेली वायर पत्र्याच्या कडेला घासते, वाऱ्याने तिचे आवरण सोलते आणि अख्खे छप्पर विजेखाली येते. त्याच छपराला बांधलेल्या तारेवर ओले कपडे वाळत घालायला जाणारी बाई पहिली सापडते. वायर पत्र्यापासून वर, पाइपातून घ्यावी. कपड्यांची तार लोखंडी नको, नायलॉनची दोरी हवी. मेन स्विचजवळ विजेच्या गळतीत आपोआप बंद होणारा आरसीसीबी बसवावा आणि अर्थिंगचा खड्डा ओला आहे ना ते बघावे. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये, महावितरणला १९१२ वर कळवावे. पंप सुरू करायला ओल्या हाताने स्टार्टरच्या पेटीला हात लावणे हाही याच जातीचा धोका.

गंजी आणि गोठा

हिंगोलीत घर म्हटले की त्यात गोठा आणि गंजीही आली. कापलेले सोयाबीन दोन-तीन दिवस शेतात राहते आणि परतीचा पाऊस नेमका तेच दिवस गाठतो. गंजी उंचवट्यावर रचावी, खाली ताडपत्री किंवा तुराट्यांचा थर द्यावा, भोवती चर खणावा, वरची ताडपत्री दोरीने खुंट्यांना बांधावी. इथेही दगडावर भागवू नये. भिजलेल्या गंजीला मोड येतात तेव्हा वर्षाचे पैसे मातीत जातात आणि पुढच्या वर्षी घराच्या बोल्टालाही पैसे उरत नाहीत. घराची तयारी पिकापासून वेगळी काढता येत नाही ती अशी.

गोठ्यात पाणी चढण्याचा अंदाज असेल तर दावी सोडून द्यावीत. मोकळे जनावर पोहून उंचावर जाते, बांधलेले जागीच जाते. कडबा आणि ज्वारीची कोठी जमिनीपासून वर घ्यावी. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक, शिधापत्रिका एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, दाराच्या हाताशी.

पंचनामा: पडण्याआधीचा फोटो

घर पडल्यावर मदत मिळते, पण किती? २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांनुसार सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये होते. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,०००, झोपडीला ८,००० आणि गोठ्याला ३,०००. वीज पडून मृत्यू झाला तर कुटुंबाला ४ लाख. दुधाची गाय किंवा म्हैस गेली तर ३७,५००, बैल गेला तर ३२,०००.

आकडे शेजारी-शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. एक भिंत पडलेल्या घराच्या हाती चार-साडेसहा हजार येत. तेवढ्यात एका बाजूची भिंतही उभी राहत नाही. पडायच्या आधी तेवढाच पैसा वायसर, बोल्ट, पाइप आणि दोन दिवसांच्या मजुरीला पुरला असता. पण पडण्याआधीच्या दुरुस्तीला मदत देणारे खाते या निकषांत नव्हते. ग्रामपंचायतीने आपल्या गावातली धोक्याची पाच-दहा घरे ऑगस्टअखेर निवडून त्यांना बोल्ट आणि ताडपत्री दिली, तर नंतरच्या पंचनाम्यांहून ते स्वस्त पडेल. ओडिशाने हा हिशेब मोठ्या किमतीने शिकला. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे हजारो माणसे गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावांत आधीच सराव घेतले, आणि २०१९च्या ‘फनी’ वादळाच्या वेळी दहा लाखांहून जास्त लोक वेळेत हलवले. आपल्याकडे निवाऱ्याच्या जागी जिल्हा परिषदेची शाळा किंवा समाजमंदिर असते. कोणत्या गल्लीने कुठे जायचे हे आधी ठरलेले असावे, आणि त्या शाळेचे पत्रे आधी तपासलेले असावेत.

पंचनाम्यात दुसरी अडचण पुराव्याची. पावसाची नोंद महसूल मंडळातल्या एका मापकावर होते आणि परतीचा ढग एका शिवारापुरता फुटतो. मापक कोरडे आणि आपली भिंत पडलेली, असे होऊ शकते. अशा वेळी बोलतो तो फोटो, आणि नुसता पडलेल्या भिंतीचा नव्हे, ती उभी असतानाचाही. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी, येईपर्यंत मलबा हलवू नये. हलवावाच लागला तर आधी चारी बाजूंनी तारखेसह फोटो घ्यावेत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, जनावरांच्या उपचारासाठी १९६२.

दसरा काढताना

या सगळ्याला वेळ कधी मिळणार, हा प्रश्न सुरुवातीलाच पडला होता. वेळ आहे, आणि तो ठरवायला कोणाच्या आदेशाची गरज नाही. मराठवाड्यात घटस्थापनेच्या आधी, पितृपक्षात, घरोघरी ‘दसरा काढतात’. घरातली भांडी, अंथरुणे, गोधड्या, कोठ्या, सगळे अंगणात येते. घर रिकामे होते, धुतले जाते, सारवले जाते. वर्षात हाच एक दिवस असा असतो की कपाटामागची भिंत, कोठीखालची जमीन आणि छताचा प्रत्येक कोपरा उघडा दिसतो. तोही हत्तीच्या पावसाच्या तोंडावर.

आजवर हे काम घरातल्या बायका करतात आणि पुरुष फार तर जड सामान बाहेर काढून देतात. यंदापासून एवढेच वाढवावे: घर रिकामे असताना कोणीतरी चारी भिंतींवरून हात फिरवावा, ठोकून बघावे, भेगांना तारीख टाकावी, प्रत्येक खोलीचा मोबाइलवर फोटो घ्यावा. एकाने वर चढून पन्हाळ साफ करावेत, बोल्ट आवळावेत. जी भिंत सारवताना पोपडे सोडते, जिथे ओल हाताला लागते, ती जागा त्या घरातल्या बाईला सगळ्यांआधी माहीत असते. तिला विचारावे, आणि तिने सांगितलेली दुरुस्ती दिवाळीवर ढकलू नये.

बोल्ट बसले, पाइप बांधले गेले की पत्र्यावरचे दगड खाली उतरवावेत. त्यांतला एखादा सपाट दगड फेकू नये. पन्हाळाखाली, जिथे छपराचे पाणी धार धरून पडते आणि भिंतीचा पायथा खाते, तिथे तो बसवावा.